वाचकांचे प्रश्न : देवाची जमीन आणि दानाची वही

या महिन्यात आलेली तीन पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत. एकाचे उत्तर दिल्याशिवाय दुसऱ्याचे नीट देता येणार नाही, म्हणून तिन्ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी वाई येथे शिक्षिका आहे. मेणवलीच्या घाटावरची, वसईच्या मोहिमेतून आलेली चर्चची घंटा मुलांना दाखवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, की आपल्या देवळांना इनामजमिनी असत तशा तिकडच्या चर्चना होत्या का, आणि त्यांची लिहाई कोण ठेवत असे? मला नीट उत्तर देता आले नाही. युरोपात मध्ययुगात चर्चच्या दानांच्या आणि मालमत्तेच्या नोंदी कशा ठेवल्या जात?

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार नेमका आहे. १७३९ साली वसई जिंकल्यावर मराठ्यांच्या हाती आलेली ती घंटा, तिच्यावरची मेरी व बाळ येशूची आकृती आणि १७०७ हा आकडा आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. पण घंटा उचलून नेता येते, जमीन नेता येत नाही. जमीन जागेवरच राहते आणि तिच्यावरचा हक्क तेवढा हातचा जातो. म्हणून कोणत्याही धर्मसंस्थेला आपली जमीन राखायची असेल तर लेखी पुराव्याचा आधार घ्यावाच लागतो. मध्ययुगीन युरोपातील चर्च आणि ख्रिस्ती मठ यांच्याकडे जमिनीचा फार मोठा वाटा होता, आणि त्या काळात लिहिणारे हातही बहुतेक त्यांच्याच आवारात होते. त्यामुळे आज त्या समाजाविषयी आपल्याला जे कळते त्याचा मोठा भाग या दानाच्या नोंदींतूनच कळतो.

सुरुवात एकेका दानपत्रापासून होते. ९१० साली अ‍ॅक्विटेनचा ड्यूक विल्यम याने आपले क्लूनी हे गाव मठ स्थापण्यासाठी दिले, ते दानपत्र आजही वाचता येते. त्यात दान कोणाला दिले आहे ते पाहावे. मठाधिपतीला नव्हे, तेथे राहणाऱ्या साधूंनाही नव्हे, तर संत पीटर आणि संत पॉल या दोन प्रेषितांना. मालक संत, आणि मठातील माणसे त्यांच्या वतीने वहिवाट करणारी. आपल्याकडे सात-बाऱ्यावर कब्जेदार म्हणून देवाचे नाव आणि त्याखाली वहिवाटदार म्हणून पुजाऱ्याचे किंवा ट्रस्टचे नाव असते, ते ज्याने पाहिले आहे त्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. विल्यमने पुढे लिहिले आहे, की हे दान त्याच्या, त्याच्या पत्नीच्या, आई-वडिलांच्या आणि इतर आप्तेष्टांच्या आत्म्याच्या कल्याणासाठी आहे. शेवटी शापवाणी आहे: जो कोणी हे मोडील त्याची गत जिवंतपणी धरणीने गिळलेल्या दाथान व अबीराम यांच्यासारखी आणि प्रभूला धरून देणाऱ्या यहूदासारखी होवो. त्याखेरीज त्याने शंभर पौंड सोने दंड भरावा, असेही आहे. आपल्या ताम्रपटांच्या अखेरीस ‘स्वदत्तां परदत्तां वा यो हरेत वसुन्धराम्’ हा श्लोक येतो आणि दिलेली भूमी हिरावणारा साठ हजार वर्षे विष्ठेतील किडा होईल असे बजावतो. शिलाहार-यादव काळातील गद्धेगाळ, म्हणजे शापाचे कोरीव दगड, तेच काम करतात, आणि मराठेशाहीतील सनदांत हिंदूला गाईची व मुसलमानाला सुवराची शपथ घातलेली असते. शापाची भाषा प्रत्येक मुलखाने आपापल्या श्रद्धेतून घेतली. भीती मात्र एकच होती, की देणारा गेल्यावर त्याचेच वारस दान परत मागतील.

ती भीती खरीही होती. अकराव्या-बाराव्या शतकांतील फ्रान्समधील दानपत्रांत दात्याबरोबर त्याची पत्नी, मुले, भाऊ यांची संमती नोंदलेली दिसते, कधी अगदी लहान मुलांचीसुद्धा. संमती देणाऱ्याला मठाकडून काही नाणी, एखादा घोडा किंवा वस्त्र दिल्याचेही लिहिलेले असते. दिलेल्या जमिनीवर पुतण्या दावा सांगतो, भांडण होते, तडजोड होते आणि तीच जमीन पुन्हा एकदा ‘दान’ होते, असे प्रकार क्लूनीच्या कागदांत वारंवार आहेत. भाऊबंदकीचे कागद वाचण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकांना त्या घराण्यांचे चेहरे ओळखीचे वाटतील.

लेखाला महत्त्व होतेच, पण कित्येक शतके लोकांचा विश्वास लेखापेक्षा चारचौघांसमक्ष केलेल्या कृतीवर अधिक होता. दाता शेतातले मातीचे ढेकूळ, झाडाची फांदी किंवा चाकू आणून वेदीवर ठेवी, म्हणजे ती जमीन संताच्या स्वाधीन झाली. इंग्लंडमधील डरहॅमच्या कॅथेड्रलच्या संग्रहात बाराव्या शतकातील असा एक चाकू आहे. त्याचे पाते मोडलेले असून शिंगाच्या मुठीवर दानाचा मजकूर कोरलेला आहे. एक साधी वापरातली वस्तू, जिने कोणी भाकरी कापली असेल, ती आठ-नऊशे वर्षे दस्तऐवज म्हणून जपली गेली. आपल्याकडे दानाच्या वेळी हातावर उदक सोडले जाते. पाणी मागे उरत नाही, म्हणून साक्षीदार लागतात आणि ताम्रपट लागतो.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे वळतो. सुटी दानपत्रे वाढत गेली, की ती हरवतात, कुरतडली जातात, जळतात. म्हणून मठांनी ती एका वहीत उतरवून काढायला सुरुवात केली. अशा नकलवहीला ‘कार्ट्युलरी’ म्हणतात. आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या वह्यांपैकी एक बव्हेरियातील फ्रायझिंगची. बिशप हिट्टो याच्या काळात, ८२४ च्या सुमारास, कोझ्रोह नावाच्या धर्मगुरूने ती लिहायला घेतली. साधारण त्याच काळातील दुसरी फुल्डाच्या मठाची. इटलीत रोमजवळच्या फार्फा मठात ग्रेगरी नावाच्या साधूने १०९२ च्या सुमारास मठाचे सारे दप्तर उतरवायला घेतले आणि उरलेल्या आयुष्याचा बहुतेक भाग त्या लेखणीत घातला. त्याच सुमारास इंग्लंडमधील वूस्टर येथे बिशप वुल्फस्टनच्या सांगण्यावरून हेमिंग या साधूने तशीच वही केली.

हेमिंगचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण त्याने वही का लिहिली हे त्याच वहीत सांगितले आहे. आधी डेन लोकांच्या स्वाऱ्यांत आणि नंतर १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांच्या अंमलदारांकडून वूस्टरच्या चर्चच्या अनेक जमिनी गेल्या. कोणती जमीन कोणी घेतली, कशी घेतली, हे पुढच्यांना कळावे म्हणून तो लिहितो. म्हणजे ही वही दानांची आहे तशीच गमावलेल्या जमिनींचीही आहे. माझ्या मते अशा सर्व नोंदी वाचण्याची किल्ली येथे आहे. सर्व काही सुरळीत चालू असताना फारसे कोणी जुने कागद उतरवून काढत नाही. हक्काला धक्का बसला, की नक्कल होते. म्हणून वहीतील प्रत्येक नोंदीसमोर दोन साले मांडावीत, दान झाले ते साल आणि नक्कल झाली ते साल. अभ्यासाचा खरा विषय पुष्कळदा या दोन सालांच्या मधल्या काळात सापडतो.

नकलवहीहून वेगळा एक प्रकार आहे, तो आपल्या विद्यार्थ्यांना अधिक आवडेल. पॅरिसजवळच्या सेंत-जर्मेन-दे-प्रे मठाचा अधिपती इर्मिनो याने नवव्या शतकाच्या पूर्वार्धात मठाच्या जमिनींची आणि त्या कसणाऱ्या कुळांची घरवार मोजणी करून घेतली. त्यात बोडो नावाचा एक शेतकरी आहे. त्याची बायको एर्मेंत्रूद, बरोबर तीन मुले. त्याच्याकडे नांगरटीची जमीन आहे, थोडी द्राक्षबाग आहे, थोडे कुरण आहे. त्याबद्दल त्याने दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी मठाच्या शेतावर राबायचे, दर तिसऱ्या वर्षी शंभर फळ्या द्यायच्या, आणि तीन कोंबड्या व पंधरा अंडी द्यायची. राजांच्या लढायांनी भरलेल्या त्या शतकातील एका कुळवाड्याचे घर, त्याच्या बायकोच्या नावासह, आपल्यापर्यंत पोहोचले ते केवळ अंड्यांचा हिशेब चुकू नये म्हणून. गावचा थळझाडा (शेतवार जमिनीची नोंद), लावणीपत्रक किंवा बलुत्यांची यादी वाचताना जो आनंद होतो तोच येथे होतो. मुलांना ही नोंद अवश्य वाचून दाखवावी आणि मग आपल्या गावच्या जुन्या सारापत्रकातील एखादे पान तिच्याशेजारी ठेवावे.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. संत मरत नाही, त्यामुळे चर्चची जमीन वारसाहक्काने फिरत नाही, आणि मालकाच्या मृत्यूबरोबर राजाला किंवा वरच्या जमीनदाराला मिळणारे नजराणेही बंद होतात. हा तोटा डोईजड झाला, तेव्हा इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२७९ मध्ये परवानगीशिवाय चर्चला जमीन देण्यास मनाई करणारा कायदा केला. अशा जमिनीला ‘मृत हाता’तील जमीन म्हणत, कारण त्या मुठीत गेलेले परत सुटत नसे.

प्रश्न : तासगाव परिसरातील एक वाचक लिहितात : मध्ययुगीन मठांनी पुष्कळ दानपत्रे बनावट तयार केली होती असे वाचले. तसे असेल तर या नोंदींवर विश्वास का ठेवावा? आमच्याही भागात काही सनदा ‘मागाहून केलेल्या’ आहेत असे बोलले जाते. खरे-खोटे कसे ओळखतात?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. फुल्डा मठाच्या एबरहार्ड नावाच्या साधूने बाराव्या शतकात मठाची दानपत्रे सुंदर चित्रांसह दोन खंडांत उतरवली, आणि उतरवताना सोयीप्रमाणे बदलली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर मठातही त्याच शतकात जुन्या राजांच्या नावाची बनावट दानपत्रे तयार झाली. सर्वांत गाजलेले प्रकरण ‘कॉन्स्टंटाइनच्या दाना’चे. रोमन सम्राटाने पश्चिमेकडील सत्ता पोपला दिली असे सांगणारा हा लेख अनेक शतके प्रमाण मानला गेला. १४४० मध्ये लोरेंझो वल्ला या विद्वानाने त्याची भाषा तपासली आणि दाखवून दिले, की त्यातील लॅटिन चौथ्या शतकातील असणे शक्य नाही. रोमच्या अधिकाऱ्यांना ‘सत्रप’ हा इराणी सुभेदारांचा शब्द लावणारा लेख रोमच्या दरबारात लिहिला गेलाच नसता.

पण ‘बनावट’ हा शब्द ऐकताच कागद बाजूला सारणे मला मान्य नाही. अकराव्या-बाराव्या शतकांत न्यायनिवाड्याची पद्धत बदलत होती. पूर्वी गावातील वृद्धांची साक्ष पुरेशी होती. आता लेख मागितला जाऊ लागला. एखाद्या मठाकडे तीनशे वर्षांच्या वहिवाटीची जमीन होती, पण दान तोंडी झालेले, किंवा लेख स्वारीत जळालेला. अशा वेळी मठाने जो लेख ‘तयार’ केला त्याचा कागद खोटा आणि हक्क खरा, अशी स्थिती असे. दुसरीकडे, पूर्ण लोभापायी केलेले लेखही होते. दोन्ही प्रकार वेगळे करता येतात, आणि बनावट लेखसुद्धा तो बनवणाऱ्या काळाचा अस्सल पुरावा असतो. बाराव्या शतकातील मठाला कोणत्या जमिनीची चिंता होती हे दहाव्या शतकाच्या नावावर खपवलेला लेख बिनचूक सांगतो.

ओळखण्याचे शास्त्र १६८१ मध्ये जाँ माबियाँ या फ्रेंच साधूने ग्रंथरूपाने मांडले. अक्षराचे वळण, शाई, चर्मपत्र, शिक्का, मायना, कालगणना, साक्षीदार त्या वर्षी हयात होते की नाही, अशा प्रत्येक अंगाची त्याने पद्धत घालून दिली. आपल्याकडे मोडी कागद तपासताना याच वाटेने जावे लागते. सुहूर सनाचा, म्हणजे मराठी दप्तरांत वापरल्या जाणाऱ्या कालगणनेचा, आकडा आणि शक जुळतात का? सुहूर सनात साधारण ५९९ मिळवले की इसवी सन येतो. संवत्सराचे नाव त्या शकाचेच आहे का? तिथी आणि वार पंचांगाशी मिळतात का? १७१३ च्या आधीच्या मितीच्या सनदेवर बाळाजी विश्वनाथांचा पेशवा म्हणून शिक्का असेल, तर पुढे वाचण्याआधी थांबावे. कागदाचे बंद, म्हणजे लांब पट्ट्या, एकमेकांना जेथे चिकटवलेल्या असतात तेथे कागद उलटा धरून पाहावा. पाठीमागे, बरोबर जोडावर, लहान शिक्का उमटवलेला आढळतो. त्याचा अर्धा ठसा वरच्या बंदावर आणि अर्धा खालच्या बंदावर असतो. कोणी मधला बंद बदलून नवा मजकूर घातला असेल तर हे दोन अर्धे जुळत नाहीत. अशा कित्येक कागदांवरून बोट फिरवताना मला त्या अज्ञात कारकुनांविषयी आदर वाटत आला आहे.

युरोपातही याच विचाराची युक्ती होती. करार एकाच चर्मपत्रावर दोनदा लिहीत, दोन मजकुरांच्या मधल्या मोकळ्या जागेत ‘किरोग्राफम’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहीत, आणि त्या शब्दाच्या मधोमध, पुष्कळदा नागमोडी किंवा दातेरी रेषेत, कापून एकेक तुकडा दोन्ही पक्षांना देत. वाद झाला की तुकडे शेजारी ठेवायचे. कापलेली अक्षरे एकमेकांत बसली तर लेख खरा.

तासगावकडील सनदांविषयी जे बोलले जाते त्याचे एक मूळ मला इनाम कमिशनच्या चौकशीत दिसते. कंपनी सरकारने १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनामांची कसून तपासणी सुरू केली. ज्याचा लेख पुण्याच्या पेशवे दप्तराशी जुळला त्याचे टिकले, ज्याचा जुळला नाही त्याचे गेले किंवा त्यावर सारा बसला. पहिल्या एडवर्डच्या काळात इंग्लंडात ‘कोणत्या अधिकाराने?’ असा प्रश्न विचारत जी चौकशी झाली तिचे आणि या चौकशीचे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. चौकशी आली की कागद शोधले जातात, उतरवले जातात, आणि कधी बनवलेही जातात. म्हणून आपल्या भागातील सनदेवर मत बनवण्याआधी ती पहिल्यांदा कोठे आणि कोणत्या वर्षी सादर झाली एवढे शोधून काढावे. सनद दाखल झालेली असेल तर तिच्या पाठीवर शेरा असण्याचा संभव आहे.

प्रश्न : सातारा तालुक्यातील एका ग्रामदैवताचे वहिवाटदार विचारतात : देवाच्या जमिनीची मूळ सनद आमच्याकडे नाही. आजोबांनी कोठून तरी करून आणलेली मोडी नक्कल तेवढी एका रुमालात (कागद बांधायच्या फडक्यात) आहे. मूळ नसेल तर या नकलेला काही किंमत आहे का? घरातील तरुण मंडळी हे कागद ‘विसर्जित’ करा म्हणतात.

उत्तर : विसर्जन कृपा करून करू नये. आपल्या जिल्ह्यात कृष्णेच्या आणि वेण्णेच्या पाण्यात किती दप्तरे गेली असतील या विचाराने मला झोप लागत नाही. एका गावी मी पोहोचलो तेव्हा घरातील वृद्ध गृहस्थांनी सांगितले, की मागच्या श्रावणात तीन रुमाल सोडले, वाळवी लागली होती. त्या घरात एकेकाळी पाटीलकी होती. रुमाल बांधायच्या दोऱ्या अजून खुंटीला लटकत होत्या.

नकलेच्या किमतीविषयी वर लिहिलेले पुरेसे बोलते. क्लूनीची पाच हजारांहून अधिक दानपत्रे १८७६ ते १९०३ या काळात सहा खंडांत छापली गेली. त्यांपैकी पुष्कळांचे मूळ नष्ट झाले आहे, आणि ती मठाच्या नकलवह्यांमुळेच कळतात. इंग्लंडात १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ मोडले, तेव्हा जमिनी नव्या मालकांकडे गेल्या आणि हद्दी व हक्क सांगणारा पुरावा म्हणून काही नकलवह्याही त्यांच्याकडे गेल्या. धर्मासाठी ठेवलेली वही धर्मसंस्था संपल्यावर जमीनमालकाच्या कपाटात जगली. हेमिंगची वही तर १७३१ मध्ये लंडनला कॉटन या हस्तलिखितांच्या संग्रहाला लागलेल्या आगीतूनही बचावली. तेव्हा मूळ गेले म्हणून नक्कल निरुपयोगी, असे कोणताही अभ्यासक म्हणणार नाही.

आपल्या नकलेत काय पाहावे ते सांगतो. शेवटच्या ओळींत किंवा पाठीवर ‘नक्कल’, ‘असल बरहुकूम’ (मुळाप्रमाणे), ‘रुजू’ (ताडून पाहिले) असे शब्द, एखादी तारीख, कचेरीचा शिक्का किंवा कारकुनाची सही आहे का ते पाहावे. आजोबांनी ती घरच्या वापरासाठी उतरवून घेतली की सरकारी दप्तरातून फी भरून काढली, हे त्यावरून ठरेल. दुसऱ्या प्रकारची असेल तर मूळची नोंद पुण्याच्या पुराभिलेखागारात मिळण्याची बरीच आशा आहे. गावच्या चतु:सीमा, बिघे-चावर ही जमिनीची मापे, ‘जल तरू तृण काष्ठ पाषाण’ हा मजकूर, साक्षीदारांची नावे आणि त्यांच्या निशाण्या नीट उतरवून ठेवाव्यात. पाटलाची सहीऐवजी काढलेली नांगराची खूण नकलेत बहुधा चित्राऐवजी ‘निशाणी नांगर’ असा शब्दांत येतो. त्यानंतर तलाठी कार्यालयात गाव नमुना ३, म्हणजे दुमाला (इनाम दिलेल्या) जमिनींची नोंदवही, पाहावी. तेथे आणि सात-बाऱ्यावर ‘देवस्थान इनाम वर्ग ३’ असा शेरा असेल, तर त्या नोंदीचा आधार म्हणून कोणत्या सनदेचा किंवा निवाड्याचा क्रमांक दिला आहे तो लिहून घ्यावा. आपल्या नकलेतील मजकूर आणि तो क्रमांक एकाच दानाकडे बोट दाखवत असतील, तर मूळ सनदेवाचूनही साखळी पुरी होते.

कागदांना चिकटपट्टी लावू नये आणि प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंदही करू नये. वाळवीचा रुमाल बदलावा, पण जुन्या रुमालावर किंवा वेष्टनावर काही लिहिलेले असेल तर तेही जपून ठेवावे, आणि कागद ज्या क्रमाने निघाले तो क्रम मोडू नये. प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. कोरी दिसणारी पाठही घ्यावी, कारण दाखल्याचा शेरा आणि जोडावरचे शिक्के तिकडेच असतात. मोडी वाचणारे जाणकार सातारा, वाई आणि सांगली येथे आहेत. नकलेचे छायाचित्र या सदराच्या पत्त्यावर पाठवल्यास पहिल्या पानाचे वाचन मी आनंदाने करून देईन.